कंट्रोलचं रक्त

मी एम.एस्सी. झालेली आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे घडलं त्यात त्याचा कुणाला काडीचा उपयोग झाला नाही, पण आमच्या गावात माझी ओळख अजून तशीच करून देतात. "ही समिधा, रक्तातलं शिकली." कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव लागतं आणि तिथे रक्तातलं शिकलेली मी एकटीच.

शिकले ते असं. आपल्या प्रत्येक पेशीत श्वासाबरोबर थोडी जाळपोळ चालूच असते. त्यातून काही बेभान कण सुटतात आणि दिसेल त्याला चावत सुटतात. पेशीही मुकाट बसत नाही, तिची स्वतःची राखण असते. चावे राखणीला झेपेनासे झाले की माणूस आतून खराब व्हायला लागतो, आणि ते त्याला दम लागायच्या कितीतरी आधी रक्तात दिसतं. कर्जतजवळच्या एका कॉलेजात नम्रता मॅडमच्या हाताखाली मी हेच मोजत होते. रक्त फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं काढायचं, त्यात एक आम्ल घालून उकळायचं. नासाडी जितकी जास्त तितका रंग गुलाबी. राखण मोजायला दुसरं रसायन, त्याचा रंग पिवळा. पिवळा फिका आला की समजायचं, राखणदार थकले.

हे सगळं मी शिकले तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. आता त्या अभिमानाची चीड येते.

माझी थोरली बहीण संजना खालापूरला दिलेली. दहावीला गणितात नापास झाली ती पुन्हा परीक्षेला बसलीच नाही. तिकडे रंगाची भुकटी करणारी एक कंपनी आहे, तिला सगळे निळी कंपनीच म्हणतात. तिच्या पॅकिंगच्या शेडमध्ये ताई अकरा वर्षं आहे. भुकटी पिशव्यांत भरायची, पिशवी तोलायची, शिवायची. शेडला खिडक्या वर, छताजवळ. बायका तोंडाला ओढणी बांधतात आणि संध्याकाळी ओढणीची आतली बाजूसुद्धा निळी निघते. गेल्या दोन वर्षांत ताईला जिना चढताना मध्ये थांबावं लागायला लागलं. तिच्याबरोबरच्या चारपाच जणींचं तेच. डॉक्टर म्हणायचे अशक्तपणा आहे, खजूर खा.

ताईने खजूर खाल्ले आणि मग अर्ज लिहिला. धूळ ओढून घेणारं यंत्र बसवा, एवढंच मागितलं होतं. चाळीस जणींच्या सह्या. पंचायतीच्या हॉलमध्ये बैठक झाली, कंपनीतर्फे मनोज साहेब आले. गोड माणूस. आवाज कधी चढत नाही. ते म्हणाले, "आम्ही विज्ञान मानणारी माणसं आहोत. त्रास होतोय असं नुसतं म्हणून कसं चालेल? कॉलेजला तपासू दे. यांच्या रक्तात आणि बाहेरच्या बायकांच्या रक्तात फरक दिसला तर यंत्र बसवलं म्हणून समजा." हे त्यांनी लिहूनही दिलं. नम्रता मॅडमचा प्रकल्प तेव्हा माणसं शोधतच होता. बघा कसं जुळून आलं, असं मीच ताईला म्हणाले होते.

ताईने विचारलं, "फरक दिसंल ना गं समे?"

"दिसणार म्हणजे काय, ओरडून सांगेल तुझं रक्त," मी म्हणाले. माझी जीभ आधीपासूनच लांब आहे.

कंपनीच्या बायकांचं रक्त आम्ही एका रविवारी घेतलं. चाळीसच्या चाळीस जणी आल्या, उपाशीपोटी, रांगेत. ताईने त्यांना शाळेच्या पोरींसारखं उभं केलं होतं. फॉर्म मी भरत होते. वय, आजार, औषधं, आणि सातवा प्रश्न तंबाखूचा. कारण तंबाखूनेही तीच जाळपोळ होते, मग दोष नक्की कुणाचा ते कळत नाही.

"तंबाखू खाता?"

"नाय."

"बिडी?"

"नाय वो ताई, काय पन!"

एक विमलबाई म्हणून होती, ती म्हणाली, "आता नाय," आणि मागच्या सगळ्या फिसकन हसल्या. ताईने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मला वाटलं, आपसातली काही थट्टा असेल. मी "नाही" लिहिलं आणि पुढची बोलावली.

आता दुसरा गट हवा होता, चाळीस निरोगी बायका. त्याच वयाच्या, घरची तशीच परिस्थिती असलेल्या, पण ज्यांनी कारखान्याचं तोंड पाहिलेलं नाही अशा. त्याला शास्त्रात कंट्रोल म्हणतात. मॅडम म्हणाल्या, "असा गट कुठे मिळेल?" मी म्हणाले, "माझ्या गावात. स्वच्छ हवा, घरचा तांदूळ, आणि मी फॉर्म भरीन तर कुणी नाही म्हणणार नाही." मॅडम खूश झाल्या.

गावात दवंडी पिटावी लागत नाही, सोनूआत्याला सांगितलं की पुरतं. ही आमची सोनुबाई आत्या. आई गेल्यावर तिनेच आम्हा दोघींना वाढवलं, त्यामुळे तिच्यापुढे माझी एम.एस्सी. चालत नाही. मी तिला सांगितलं, कंट्रोलसाठी बायका हव्यात, शनिवारी सकाळी सातला. शनिवारी सातला पाहते तर देवळासमोर चाळीस काय, पंचावन्न बायका, आणि प्रत्येकीच्या हातात रेशनकार्ड.

"कंट्रोलचं काय मिळणार हाय?" पुढची विचारत होती. आमच्याकडे रेशनच्या दुकानालाच कंट्रोल म्हणतात हे मी शहाणीने विसरायचं! मी समजावलं की मिळणार काही नाही, उलट द्यायचं आहे, रक्त.

"आता कंट्रोलवर रगतपन घ्यायला लागले का?" आत्या म्हणाली, आणि सगळं देऊळ हसलं. पंधरा जणी पिशव्या झटकत घरी गेल्या. चाळीस राहिल्या, माझ्यासाठी राहिल्या. कुणी मला कडेवर घेतलेलं, कुणी मला पहिल्यांदा शाळेत सोडलेलं.

त्यांना मी आदल्या दिवशी बजावलं होतं, उपाशीपोटी यायचं, चहाचा घोटसुद्धा नको. त्यांनी बिचाऱ्यांनी ते अक्षरशः पाळलं. देवळाच्या ओट्यावर बसून, चहावाचून डोकं धरलं म्हणत, एकमेकींच्या डब्या फिरवत, पहिलं बोट दातांवर घासत त्या आपल्या पाळीची वाट पाहत होत्या. मी त्यांच्यासमोर मांडी घालून फॉर्म भरत होते.

"आत्या, तंबाखू खातेस?"

"बाईमानूस कदी तंबाखू खातं का गं?" आत्याने बाजूला वळून पिंक टाकली, पदराने ओठ पुसले आणि हात पुढे केला. मी लिहिलं, नाही.

चाळीस वेळा लिहिलं. खाली चाळीस सह्या, माझ्या.

रक्ताच्या नळ्या बर्फात ठेवाव्या लागतात, नाहीतर राखणदार वाटेतच मरतात. बर्फ कर्जतच्या बाजारातल्या मासेवालीकडून आणला होता, त्यामुळे आमचं कंट्रोलचं रक्त रिक्षातून कॉलेजात पोचलं ते बोंबलाच्या वासासकट. तीन आठवडे मी ते मोजत होते. नळ्या उकळत्या पाण्यातून बाहेर काढायच्या, गार करायच्या, यंत्रात ठेवायच्या, आकडा लिहायचा. कंपनीच्या नळ्या गुलाबी आल्या तेव्हा मला, खोटं का बोलू, आनंद झाला. बहिणीचं रक्त खराब निघालं म्हणून आनंद! मग गावच्या नळ्या काढल्या. त्याही गुलाबी.

रसायन बिघडलं असेल म्हणून मी स्वतःचं रक्त काढून त्यात लावलं. लॅबमध्ये असं सगळेच करतात. माझी नळी जवळजवळ पांढरी आली. म्हणजे रसायन ठीक होतं. पुन्हा सगळं मोजलं. कंपनीच्या बायकांची सरासरी चार पूर्णांक नऊ, गावच्या बायकांची चार पूर्णांक आठ, मी दोन पूर्णांक सहा. राखणही दोन्हीकडे सारखीच थकलेली.

"फरक लक्षणीय नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला. "इकडच्या लोकांची मूळ पातळीच जास्त असेल. आहारामुळे, किंवा चुलीच्या धुरामुळे." आणि अहवाल लिहायला घेतला.

माझं मन मानत नव्हतं. चुलीच्या धुरात मीही वाढले. तोच तांदूळ, तीच विहीर, तीच आत्या. मग माझी नळी पांढरी का? पुढच्या रविवारी मी घरी गेले ते हाच घोळ डोक्यात घेऊन. बाहेर रस्त्यावरून मुंबईची पोरं लेण्यांकडे चालली होती, आणि मागच्या पडवीत आत्या तव्यावर काहीतरी भाजत होती. तो वास मला जन्मापासून ओळखीचा. त्याने डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, आणि लहानपणी आम्ही नाक दाबून अंगणात पळायचो. तंबाखू भाजून काळीकुट्ट झाली की ती चुरडायची आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात भरायची.

मी दारातच उभी राहिले.

"आत्या, ही मशेरी तू दिवसातून किती वेळा लावतेस गं?"

"मोजतंय कोन? सकाळी, जेवल्यावर, दुपारी झोपून उठल्यावर. त्या दिसाला तू चा पिऊ दिला नाय, म्हून दोनदा जास्ती लावली."

"मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?"

आत्याने तवा खाली उतरवला आणि माझ्याकडे खरोखर न कळून पाहिलं. "तू तंबाखू इचारलीस. मशेरी कुठं इचारलीस? मशेरीनं दात घासतात. इचारली असतीस तर सांगितली असती, त्यात काय लपवायचंय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तेवीस वर्षं मी त्या पडवीत वावरले. रोज सकाळी काळं बोट पाहिलं. त्या ओट्यावर चाळीस काळी बोटं माझ्यासमोर हलत होती आणि मी मान खाली घालून "नाही" लिहीत होते, कारण फॉर्मात मशेरी हा शब्द नव्हता. तो फॉर्म ज्याने कुणी बनवला त्याला मशेरी माहीत नव्हती. पण मला माहीत होती ना!

त्याच दिवशी मी घरोघर फिरले. चाळीसपैकी चौतीस जणी लावत होत्या. लाजायचं कारणच नव्हतं, उलट दोघींनी मला डबी पुढे केली. न लावणाऱ्या सहा जणींचे आकडे मी रिक्षात बसून मोबाइलवर मांडले. सरासरी दोन पूर्णांक नऊ. म्हणजे फरक होता. ताईच्या रक्तात निरोगी बाईपेक्षा दीडपटीहून जास्त नासाडी होती, आणि मी तिच्या शेजारी मशेरीने नासलेली बाई उभी करून दोघींना सारखं ठरवलं होतं.

नम्रता मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर त्यांना शिव्या देऊन मोकळी झाले असते. त्यांनी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सहा बायकांवरून काहीच सिद्ध होत नाही, समिधा. आणि निकाल आवडला नाही म्हणून नंतर माणसं गाळायला लागलो, तर उद्या कंपनी त्यांना नको असलेली माणसं गाळेल. मग काय उत्तर देणार आपण?"

"पण हे खरं आहे, मॅडम."

"असेल. पण ते आधी विचारायला हवं होतं. फॉर्म कुणी भरले?"

सह्या त्यांच्यासमोरच होत्या.

"पुन्हा करायचं तर पुन्हा परवानगी, पुन्हा रसायनं, पुन्हा रक्त. दोन वर्षं धर. आणि अहवाल शुक्रवारीच गेलाय, कंपनीकडे आणि पंचायतीकडे, दोन्हीकडे. मी एक पुरवणी पाठवते." त्यांनी खरंच पाठवली. एकच ओळ होती. तुलनेसाठी घेतलेल्या गटात तंबाखूच्या धूरविरहित वापराची नोंद अपुरी असण्याची शक्यता नाकारता येत नाही. हे मराठी आहे असं त्या समजत होत्या.

बैठक पुन्हा त्याच हॉलमध्ये झाली. ताई पहिल्या रांगेत बसली होती, धुतलेली साडी, नखांच्या कडा निळ्या. मी तिला आधी काहीच सांगितलं नव्हतं. चार दिवस तिचे फोन आले आणि मी लॅबमध्ये आहे म्हणत राहिले. भित्री, दुसरा शब्द नाही.

मनोज साहेबांनी अहवालाचं पहिलं पान वाचून दाखवलं. "कंपनीत काम करणाऱ्या आणि न करणाऱ्या महिलांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही." पान खाली ठेवलं. "आम्हाला तुमची काळजी होती म्हणून हा खर्च केला. आता सगळ्यांच्या मनातली भीती गेली असेल."

ताईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं विचारत होती. माझ्याने राहवलं नाही, मी उठले. सगळं सांगितलं. मशेरीचं, सातव्या प्रश्नाचं, चौतीस जणींचं.

मनोज साहेबांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे फॉर्मवर तुम्ही खोटं लिहिलंत?"

"खोटं नाही. प्रश्न चुकला."

"बरं, चुकला. मग हाच चुकलेला प्रश्न तुम्ही आमच्या बायकांनाही विचारलात ना? त्याही मशेरी लावत असतील. त्यांच्या रक्तात जे काही आहे ते मशेरीचं नाही, हे कशावरून?"

मी तो विचारच केला नव्हता. तेवढ्यात ताई उभी राहिली.

"आमच्यातली एक पन लावत नाय," ती म्हणाली. "लावायच्या निम्म्या जनी. मीबी लावायची. पन तपासनीच्या आदी तीन म्हैने मी सगळ्यांची सोडवली. डब्या माझ्या हातानं नदीत टाकल्या. म्हटलं, उद्या कुनी बोट दाखवायला नको, का हे मशेरीनं झालं."

मागे विमलबाई म्हणाली, "खरं हाय. डोकं फुटायची पाळी आली व्हती, पन सोडली."

मला तिचं ते "आता नाय" आठवलं, आणि मागच्यांचं हसणं.

मनोज साहेब हसले. अगदी गोड. "बघा, म्हणजे लावत होत्या. निम्म्या जणी. वर्षानुवर्षं." आणि त्यांनी फाइल बंद केली. पंचायतीतली माणसं उठायला लागली, खुर्च्या वाजल्या, कुणीतरी पंखा बंद केला.

बाहेर ताई पिंपळाच्या पारावर बसली. चारची पाळी होती, कंपनीची गाडी तिथूनच घेते. मी तिच्या शेजारी बसले. म्हणाले, "ताई, तू मला सांगितलं का नाहीस मशेरीचं?"

"काय सांगायचं त्यात?" तिला दम लागला होता, दोन शब्दांमध्ये थांबत होती. "मी धाव्वी नापास. माझ्या ध्यानात आलं, तर तुझ्या आलंच असंल, असं वाटलं मला. तू रक्तातलं शिकलीस ना गं."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं. तिने सरळच म्हटलं.

मी म्हणाले की पुन्हा करू, मी गावात नवीन बायका शोधते, या वेळी मशेरीपासून सगळं विचारते, दोनच वर्षं. ताईने मान हलवली, पण ती ऐकत नव्हती. विमलबाईने कमरेची पिशवी सोडली, त्यातून नवीन, अजून चकचकीत डबी काढली आणि ताईपुढे धरली. ताईने चिमूटभर घेतली.

"ताई, नको ना."

"का?" ती म्हणाली. "आता परत कोन तपासनार हाय?" आणि तिने पहिलं बोट दातांवर फिरवायला सुरुवात केली.

गाडी आली. ताईने पिंक टाकली, तोंड पुसलं आणि ओढणी दुहेरी करून नाकातोंडावर घट्ट बांधली. पायरी चढून वर जायला तिला दांडी धरून मध्ये एकदा थांबावं लागलं. मागच्या बायका तिच्यासाठी थांबल्या.